न प्यालेली दारू

राघो ड्रायव्हरने मला फसवलं. ज्याने जन्मात दारूचा थेंब जिभेवर घेतला नव्हता, त्याने भर कोर्टात 'मी पिलो व्हतो' असं सांगितलं, राजीखुशीने तुरुंगात गेला, आणि मला, माझ्या वकिलाला आणि माझ्या लॉरीला कोर्टाबाहेरच्या उन्हात उभं करून गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण श्रीवर्धनात ही गोष्ट उलटी सांगणारे लोक अजून आहेत. त्यांनी पुढचं वाचावं आणि मग बोलावं.

मी सुपारीतला माणूस. लहानपणी दुसऱ्यांच्या वाडीत बसून सुपाऱ्या सोलल्या, मोठेपणी त्याच वाड्यांचा माल खरेदी केला. राज्यात दारूबंदी आली त्या सुमारास मी लॉरी घेतली. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांतली ती एक होती. विकणाऱ्याशी मी दोन दिवस बोललो. शेवटी तो म्हणाला, "न्या ही गाडी, पण पुन्हा इकडे येऊ नका." असं कोणी म्हटलं की मला सौदा पटल्यासारखा वाटतो.

राघोच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. तो म्हसळ्याकडच्या एका गावचा भातशेती करणाऱ्या घरातला. लढाईच्या काळात मुंबईला लष्कराच्या गाड्या चालवलेला. अंगाने रुंद, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं संथ. मी पगाराचा आकडा सांगितला. मी पहिल्यांदा सांगतो तो आकडा बोलणं सुरू करण्यापुरता असतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. राघो म्हणाला, "चालंल."

त्या रात्री मला झोप आली नाही. आणखी कमी सांगितला असता तरी तो चालंल म्हणाला असता की काय, हा विचार काही जाईना.

त्याच्या अटी दोनच होत्या. "दिवेलागण झाली का गाडीला हात लावनार न्हाय. नि क्लीनर मी सांगंन तोच."

"रात्री का नाही?"

"आयेला शब्द दिलाय."

"आणि क्लीनरबद्दलही आईलाच शब्द दिलायस?"

"न्हाय, तो इब्राहिमला दिलाय."

इब्राहिम हा त्याचा लष्करातल्या दिवसांपासूनचा जोडीदार. तिशीचा, काटकुळा, आणि तोंड असं की श्रीवर्धनहून सुटलं की माणगावपर्यंत बंद व्हायचं नाही. मी त्यांच्यासोबत बसून दोन-चारदा गेलो आणि उतरलो तेव्हा कान किटले होते. "चाचा, खोताची आमराई आली. चाचा, पुढं बैलगाडी हाय, तट्ट्या लावलेली. चाचा, बाई चाललीय, डोक्यावर हंडा, उजवीकडनं." राघो स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे ऐकत असे, जसं घरातल्या सुनेने पोथी वाचावी आणि सासऱ्याने ऐकावी. मी एकदा वैतागून म्हणालो, "त्याला डोळे आहेत की रे, तू कशाला सांगतोस?" इब्राहिम लगेच म्हणाला, "शेट, मी बोललो नाय तर मला गाडी लागते." पुढच्या वळणावर मी दोघांचीही तोंडं बघितली. दोघंही सरळ समोर बघत होते.

राघोचं वाहन चालवणं हा तालुक्यात कौतुकाचा विषय होता. हॉर्न तर तो इतका वाजवायचा की लॉरी दिसण्याच्या पाऊण तास आधी लोक माल घेऊन रस्त्यावर येऊन बसत. वळणावर हॉर्न, सरळ रस्त्यावर हॉर्न, पुढे नुसतं वडाचं झाड असलं तरी हॉर्न. मी म्हणालो, "बॅटरी माझी आहे." तो म्हणाला, "शेट, रस्त्यावर आवाज देत जावं. ज्याला आवाज दिला त्याला लागत न्हाय." हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायको पाण्याला निघाली तरी तो तिला सांगायचा, आवाज देत जा.

दुसरी सवय काच पुसण्याची. मैलभर गेला की गाडी थांबवून उतरायचा आणि समोरची काच धोतराच्या सोग्याने पुसायचा. काच आरशासारखी होती. तरी पुसायचा.

आणि तिसरी सवय राम रामाची. रस्त्याच्या कडेला जे काही उभं असेल त्याला तो हात वर करून राम राम घालायचा. मामलेदारांना घातला, आणि मागून येणाऱ्या मामलेदारांच्या म्हशीलाही घातला. मामलेदार खूश झाले. इतका अदबीचा ड्रायव्हर जिल्ह्यात नाही, असं त्यांनी मला बोलावून सांगितलं. एकदा दिघीच्या फाट्यावर त्याने शेतातल्या बुजगावण्याला राम राम घातलेला मी स्वतः पाहिला. विचारलं तर म्हणाला, "कपडे कुनाचे तरी अस्तीलच की त्याच्या अंगावर."

आता मला राग कुठे आला ते सांगतो. एकदा म्हसळ्याला माझं काम लवकर आटोपलं. मी स्टँडाजवळ रस्त्यात उभा राहिलो, लॉरी येताना बघून दोन्ही हात वर केले. राघोने माझ्याकडे बघितलं, अदबीने राम राम घातला आणि निघून गेला. इब्राहिम त्या दिवशी मागे मालावर झोपला होता. मी संध्याकाळी दुसऱ्याच्या छकड्यातून घरी आलो आणि अंगणातूनच सुरू झालो.

तो म्हणाला, "शेट, मालक रस्त्यात हात करीत न्हाय, मालक गाडीत बसतो. मला वाटलं कोनी गरीब मानूस हाय."

मी सात वर्षं याला पगार देत होतो.

दारूचं म्हणाल तर राघो आंबलेल्या ताकाकडेही संशयाने बघायचा. गळ्यात माळ नव्हती, कसलं व्रतही नव्हतं, नुसता तिटकारा. लग्नाच्या वरातीत हातभट्टीची बाटली फिरायला लागली की हा उठून लॉरीजवळ जाऊन बसायचा. आणि ते दिवस कसे होते? दारूबंदीमुळे ज्यांनी आधी कधी घेतली नव्हती तेसुद्धा घ्यायला लागले होते. औषधाच्या दुकानात दारूचा वास मारणारी आसवं आणि अरिष्टं संपत, आणि ती नेणाऱ्यांना काही आजार नसे.

म्हसळ्याच्या अलीकडे दारूबंदीचा नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला झोपडी, आणि झोपडीत जमादार. हे जमादार प्रत्येक ड्रायव्हरला तोंड उघडायला लावून वास घेत. दिवसभर वास घेऊन त्यांचं नाक बधिर होई. मग ते राघोची वाट बघत. राघो आपणहून खाली उतरायचा, तोंड आ करायचा आणि म्हणायचा, "घ्या जमादार." जमादार एक लांब श्वास घेत, डोळे मिटत, आणि म्हणत, "हां. आता पुढचा आणा." राघोच्या तोंडाच्या वासावर ते आपलं नाक जुळवून घेत असत. पुढे याच जमादारांना राघोवर खटला भरावा लागला.

हे घडलं ते असं. पावसाळ्यानंतर सुपारीचा भाव पडला होता. काटकसर कुठे करायची याचा मी विचार केला. लॉरीला चाकं चारच लागतात, ड्रायव्हर एकच लागतो. बडबड करायला मात्र मी माणूस ठेवला होता. मी इब्राहिमला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

तो नेहमीसारखा बडबडला नाही. एवढंच म्हणाला, "शेट, पगार अर्धा करा. पण गाडीवरनं काढू नका."

मी उभा जन्म सौद्यात काढला आहे. पहिल्याच बोलण्यात जो अर्ध्यावर येतो तो अर्ध्याच्याही लायकीचा नसतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी म्हणालो, "नाही."

"फुकट येतो. जेवन चाचांच्या डब्यातलं खाईन."

आता मात्र माझी खात्रीच झाली की याचा काहीतरी डाव आहे. फुकट कोण काम करतो? माझ्या लॉरीतून हा कसला तरी माल परस्पर नेत असणार. मी त्याला तिथल्या तिथे हाकलला. राघो दाराशी उभा होता. त्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

पंधरवडा ठीक गेला. हॉर्न तेवढा वाढला होता. मग एक दिवस माणगावहून परतीचा किराणा भरायचा होता, आणि आमच्या वैद्यबुवांनी द्राक्षासवाच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या सांगितल्या होत्या. मागे टाकल्या तर फुटतील, म्हणून मी राघोला बजावलं, पुढे तुझ्या शेजारी ठेव. क्लीनरची जागा रिकामी होतीच, मी ती वाया जाऊ दिली नाही.

त्याच आठवड्यात साहेबांच्या हुकमावरून नाका वळणाच्या पलीकडून उचलून वळणाच्या अलीकडे आणला होता. दुपारचं लख्ख ऊन. राघो हॉर्न वाजवत आला, बांबू मोडून पुढे गेला, जमादारांची वाळत घातलेली वर्दी घेतली, त्यांच्या दुधीच्या मांडवातून आत शिरला आणि मांडवाच्या मागच्या अंगाला थांबला. माणूस एकही दुखावला नाही. जमादार ओरडत धावले. राघो दार उघडून खाली उतरला. दोन्ही बरण्या त्याच्या अंगावर फुटल्या होत्या. टोपीपासून वहाणांपर्यंत तो द्राक्षासवाने निथळत होता, आणि लॉरीच्या तोंडाला अर्धा बांबू लटकत होता.

त्याने हात वर केला आणि म्हणाला, "राम राम जमादार. नाका कुटं गेला?"

जमादारांनी त्याचं तोंड हुंगलं. मग कपडे हुंगले. मग बिचारे खाली बसले. पण तोवर रस्त्यावर दोन मोटारी थांबल्या होत्या आणि एकीत कोणी साहेब होते, त्यामुळे कागद करावाच लागला.

सरकारी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फरशीवर खडूने रेघ ओढली आणि या टोकाकडून त्या टोकाला चाल म्हणाले. राघो मोठ्या आत्मविश्वासाने निघाला आणि खिडकीपाशी गेला. रेघ कपाटाकडे गेली होती. डॉक्टरांनी लिहिलं, तोंडाला वास नाही, कपड्यांना फार आहे, चाल सरळ नाही.

माझे वकील म्हणजे नाना. फी ठरवताना माझ्याशी भांडून पुन्हा माझ्याच घरी जेवणारा एवढा एकच माणूस. डॉक्टरांचा कागद वाचून ते हसायला लागले. "तोंडाला वास नाही! मग प्याला कुठून, कातडीतून? सुटला म्हणून समजा."

राघो जमिनीवर बसला होता. त्याने विचारलं, "नि सुटलो न्हाय तर काय व्हतंय, नाना?"

"ऐक. दारूबंदीचा कायदा वेगळा, मोटारीचा वेगळा. प्यायल्याबद्दल एक शिक्षा, पिऊन गाडी चालवल्याबद्दल दुसरी. तुझी पहिलीच खेप, म्हणजे थोडे महिने आत, वर दंड, आणि लायसन काही काळ बंद. दुसऱ्या खेपेला सापडलास तर मात्र वाईट."

"काही काळ म्हंजे परत मिळतंय?"

"मिळतं की. पण तू कशाला त्यात पडतोस? तू प्यालेला नाहीस."

"बरं. पिलेला न्हाय. मग?"

"मग कोर्ट विचारील, भर दुपारी रस्त्यात आडवा बांबू, तो तुला दिसला कसा नाही? एक तर ब्रेक खराब."

"ब्रेक उत्तम आहेत," मी म्हणालो.

"ब्रेक खराब निघाले तर मालकावर खटला."

"म्हणूनच उत्तम आहेत."

"नाहीतर मग डोळे. मोटार खात्याचा डॉक्टर डोळे तपासतो. त्यात नापास झालास तर लायसन रद्द. ते काही काळ वगैरे नाही, संपलंच. पण तुझे डोळे ठणठणीत आहेत, तपासू दे की."

राघो नानांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं समजावलंत." आणि उठून लॉरीची काच पुसायला गेला.

कोर्टाच्या दिवशी अर्धं गाव आलं होतं. नाना नवा कोट घालून आले होते, वैद्यबुवा फुटलेल्या बरणीचा तुकडा पुरावा म्हणून फडक्यात बांधून घेऊन आले होते. मॅजिस्ट्रेटनी आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"व्हय साहेब. मी पिलो व्हतो."

नाना उठले होते ते तसेच अर्धवट वाकून राहिले. मॅजिस्ट्रेट चष्म्यावरून बघायला लागले. "काय प्यालास?"

"दारू."

"कसली?"

राघोने बराच विचार केला. "वल्ली."

लोक हसले. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला. "किती प्यालास?"

"साहेब, लोक किती पितात?"

"मी विचारतोय तुला."

"तेवडीच पिलो."

"कोणी दिली?"

"तोंड आठवत न्हाय, साहेब. मी पिलो व्हतो ना."

सरकारतर्फे साक्षीला जमादार होते. ते पिंजऱ्यात आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हा माणूस पीत नाही. मी सात वर्षं याचं तोंड हुंगलंय." मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आरोपी म्हणतो प्यालो, पोलीस म्हणतात पीत नाही. माझ्या नोकरीत असं मी पहिल्यांदा बघतोय." पण स्वतःच्या तोंडाने कबूल करणाऱ्याला ते तरी कसे सोडणार? नाना म्हणाले होते तसंच झालं. थोडे महिने अलिबागला, दंड, आणि लायसन वर्षभर बंद.

शिपाई त्याला नेत असताना मी आडवा गेलो. माझा आवाज बंदरावर ऐकू गेला म्हणतात. "अरे, सुटत होतास ना? कोणी चावलं तुला?"

तो म्हणाला, "शेट, हे परत मिळतंय, ते मिळत न्हाय." आणि मला राम राम घालून गेला. खरं म्हणजे तो माझ्या शेजारच्या खांबाला घातला. मी तेव्हा ते त्याच्या मनाच्या अवस्थेवर ढकललं.

पुढचं वर्ष माझं कसं गेलं ते मी फार सांगत नाही. ठेवलेला नवा ड्रायव्हर खरोखरच पिणारा निघाला आणि जमादारांनी त्याला दुसऱ्याच आठवड्यात पकडला. वाड्यांचा माल वेळेवर निघेना. माझ्या समोरच्या पेढीवर काशिनाथ शेट बसतो. मी आठ आणे मागितले की सहा मागणारा आणि मग पाच घेणारा माणूस. त्याने तोवर लॉरी घेतली होती. माल त्याच्याकडे गेला.

राघो सुटल्याचं मला कळलं. तो माझ्याकडे येईल म्हणून मी थांबलो. आपण होऊन बोलावणं हे सौद्यात वाईट. तो आला नाही.

मग एक दिवस मी म्हसळ्याहून येताना नाक्यावर उभा होतो. काशिनाथची लॉरी आली. हॉर्न एकदाच वाजला. ती बांबूच्या हातभर अलीकडे अशी अलगद थांबली की धूळ उडाली नाही. राघो खाली उतरला. नाकावर जाड काचांचा चष्मा, दोऱ्याने कानामागे बांधलेला. अलिबागला तुरुंग बघायला येणाऱ्या डॉक्टरने त्याला खिडकीतून समुद्रातल्या बोटी मोजायला सांगितल्या होत्या. राघो म्हणाला होता, कुठल्या बोटी? त्यातून तो चष्मा निघाला, सरकारी खर्चाने. तो लावून तो मोटार खात्याच्या तपासणीत पासही झाला.

जमादारांनी डोळे मिटून त्याचा वास घेतला. मग राघोने मान वळवली आणि इतक्या दुरून, मी काही बोललो नसताना म्हणाला, "शेट, राम राम."

जवळ आला. माझ्या चेहऱ्याकडे खाली-वर बघत राहिला, जत्रेतला देखावा बघावा तसा.

"काय बघतोस?"

"तुमच्या कपाळाला येवडी आठी हाय व्हय? मला वाटायचं, तुमी हसतासा."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस? चष्मा मी घेऊन दिला नसता?"

"दिला असता की. पन आधी डोळ्यांचा भाव केला असता."

हे तो रागाने म्हणाला नाही. त्याने काचेवर धोतराचा सोगा फिरवला. आता गाडीची नाही, चष्म्याची काच. मग वर चढला. बांबू वर गेला आणि लॉरी निघाली. क्लीनरच्या जागेवर इब्राहिम तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. वळणावरून लॉरी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. वाटेत शेतात एक बुजगावणं होतं, त्याला राघोने हात वर केला नाही.

त्यानंतर मी त्याला पाहिला नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी तो आपल्या गावी तापाने गेला. काशिनाथ सांगतो की राघोच्या हातून त्याच्या लॉरीला कधी ओरखडा उठला नाही. त्याने सांगायची गरज नव्हती.

मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही, हे मला कळतं. पण इब्राहिम आहे. म्हसळ्याला स्वतःची गाडी चालवतो, मला बघून नजर चुकवतो. त्याला या लिहिण्यातून विचारतो, आणि सगळ्यांच्या समोर विचारतो. माझ्या पेढीवर उभा राहून तू पगार अर्धा करा म्हणालास, फुकट येतो म्हणालास, एवढा सौदा केलास. 'चाचांना दिसत नाही' हे तीन शब्द तेवढे तुझ्या तोंडून निघाले नाहीत. खोताची आमराई सांगत होतास, बैलगाडी सांगत होतास, हंडा घेतलेली बाई सांगत होतास. मग मला एक आवाज द्यायला काय झालं होतं? माझ्या पेढीवर ये आणि सांग.